पूजास्थानावरच्या वाट्या घासू नका, कोरड्या ठेवा

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या भावाने बोधगयेहून सात पितळी वाट्या आणल्या. घरातल्या बुद्धमूर्तीसमोर त्या रोज सकाळी पाणी भरून मांडतात. दीड महिन्यात वाट्या आतून काळसर झाल्या, एकीच्या बुडाशी हिरवा ठिपका आला. चिंच-मीठ लावून रात्रभर ठेवल्या, सकाळी लख्ख निघाल्या, पण आठवड्याभरात आधीपेक्षा जास्त काळवंडल्या आणि दोन वाट्या तर लालसर दिसायला लागल्या. शेजारी आजीची एक तांब्याची वाटी असते, तिला पोचा आलाय. वाट्या बनावट निघाल्या का, आता कशाने घासायच्या, आणि आजीची वाटी बदलावी का, असे तीन प्रश्न.

ताई, जय भीम. आधी मनातली शंका काढून टाका. लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही, तर लोखंडावर चढवलेला मुलामा नाही. आणि लाल झाल्या त्या पितळ खरं आहे म्हणूनच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. आंबट पदार्थात ते तासन् तास राहिलं की वरच्या थरातलं जस्त आधी विरघळून जातं आणि मागे तांबं उरतं. तुम्हाला दिसतेय ती त्या तांब्याची लाली. हा मळ नव्हे, त्यामुळे घासून तो जाणार नाही. घासाल तितकी वाटी पातळ होईल.

हिरवा ठिपका जरा गंभीर आहे. मीठ तांब्या-पितळेच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं आणि हवेतली ओल लागली की आतून खायला सुरुवात करतं. साधा हिरवट थर बोटाने पुसला तर घट्ट लागतो. मिठाने धरलेला ठिपका भुरभुरीत असतो, पुसला तरी चार दिवसांत तिथेच परत येतो. तुमचा तसा असेल तर ती वाटी साध्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, पाणी दिवसातून दोनदा बदला. शक्य असेल तर फिल्टरचं पाणी घ्या. मग पुसून उन्हात पालथी वाळवा. मीठ बाहेर निघालं की ठिपका वाढायचा थांबतो. डाग थोडा राहील, राहू द्या.

मी तांबट. आजोबांपासून आमच्या घरात हेच काम, मी स्वतः ३४ वर्षं करतोय. जुन्या नाशकात भांडी बाजाराच्या आजूबाजूला एके काळी सकाळपासून ठोक्यांचा आवाज असायचा. आता घंघाळी, हंडे करून घेणारे कमी झाले. पण विहारासाठी आणि घरच्या पूजास्थानासाठी वाट्या, दिव्याची भांडी, फुलांची ताटली करून द्या म्हणणारे लोक येतात, आणि ते काम मला आवडतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण वाटी कशी घडते ते कळलं की ती कशी सांभाळायची हे वेगळं शिकावं लागत नाही.

वर ४ इंच रुंद आणि दीड इंच खोल वाटी करायची तर साधारण ५ इंचांची तांब्याची चकती लागते. पत्रा २० गेजचा, म्हणजे मिलिमीटरपेक्षा थोडा कमी जाड. वाटीचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास भरतं. चकती खळग्यावर धरून आतून ठोकत गेलं की ती हळूहळू खोल होते. तीस-चाळीस ठोके झाले की हाताला कळतं, तांबं आडमुठं व्हायला लागलं. ठोकल्याने ते कडक होतं, आणि त्याही पुढे ठोकत राहिलं तर काठाला चीर जाते. मग ते भट्टीत लालसर होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात सोडायचं. पोलाद असं पाण्यात घातलं की कडक होतं. तांबं मात्र मऊच राहतं. चर्र आवाज होतो, वरचा काळा पापुद्रा सुटून पाण्यात तळाशी बसतो, आणि वाटी बाहेर काढली की गुलाबी असते, नवजात बाळाच्या तळव्यासारखी. असं तीन-चार वेळा. शेवटी खरवईवर, म्हणजे लोखंडी टेकूवर, चढवून बाहेरून मठारतात. मठारणं म्हणजे चकचकीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून बारीक ठोके देत जाणं. त्याने नुसती नक्षी उठत नाही, भिंतही ताठ होते. शंभर ग्रॅमची वाटी पोचा न येता वर्षानुवर्षं टिकते ती त्या शेवटच्या ठोक्यांमुळे.

आता विचार करा. ती ताठ झालेली वरची कातडी आपण चिंचेने खरवडतो, विटेच्या पुडीने घासतो, तारेच्या घासणीने ओरबाडतो. दरवेळी थोडं तांबं त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या काही जुन्या वाट्यांचे मठारलेले ठोके एका बाजूला अगदी पुसून गेलेले असतात, दुसऱ्या बाजूला शाबूत. घासणाऱ्या बाईचा उजवा अंगठा जिथे पडत होता ती बाजू पातळ. उजेडासमोर धरली तर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. चाळीस वर्षं प्रेमाने घासून पाडलेली भोकं.

सात वाट्यांची पद्धत तिबेटी परंपरेतली आहे. विकणारे नेपाळी लोक या वाटीला तिंग म्हणतात. आपल्या घरांत वंदनेला फूल, मेणबत्ती किंवा दिवा आणि अगरबत्ती एवढं असतं, त्यामुळे सातच हव्यात का असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो. स्वच्छ पाण्याची एक वाटी पुरते. पण सात मांडत असाल तर त्यामागचा अर्थ माहीत असावा, कारण तो परका नाही. पिण्याचं पाणी, पाय धुवायचं पाणी, फुलं, धूप, दिवा, सुगंधी पाणी, अन्न. आठवं अर्पण नादाचं, त्याला वाटी लागत नाही. खेड्यात पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला तांब्याभर पाणी आणि मग प्यायला पाणी देतात ना, तीच ही रीत. या सातही गोष्टींच्या जागी नुसतं पाणी ठेवलं तरी चालतं, आणि पाणीच ठेवण्यामागचा विचार मला फार भावतो : पाणी गरिबालाही देता येतं, आणि देताना हात आखडत नाही.

मांडण्याची पद्धत अशी. वाट्या एकात एक रचून घ्यायच्या, वरच्या वाटीत थोडं पाणी ओतायचं, मग ती उचलून तिच्यातलं बहुतेक पाणी खालच्या वाटीत घालून ती आपल्या डावीकडे ठेवायची. म्हणजे मूर्तीसमोर एकही वाटी रिकामी बसत नाही. डावीकडून उजवीकडे ओळ करायची, दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढं अंतर, आणि काठापासून जवाच्या दाण्याएवढं खाली पाणी. धारही जवासारखी : सुरुवातीला बारीक, मध्ये जाड, शेवटी पुन्हा बारीक. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत उजवीकडून एकेक वाटी उचलून पाणी झाडांना घालायचं, कुणाच्या पायाखाली येईल असं नाही. वाटी लगेच सुती फडक्याने पुसून पालथी ठेवायची. रिकामी वाटी उताणी ठेवत नाहीत.

पहिल्यांदा एका तिबेटी लामांकडून हे ऐकलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. धातूला जे हवं, तेच हे सगळं. पाणी काठापर्यंत भरलं की ओघळ बाहेर जातो आणि बाहेरच्या नक्षीत वाळून बसतो. वाट्या एकमेकींना चिकटल्या तर त्या फटीत ओल राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्रभर पाणी तसंच राहिलं तर पाण्याची वरची कड जिथे टेकते तिथे, हवा आणि पाणी दोन्ही मिळतात म्हणून, धातू सगळ्यात जास्त खाल्ला जातो. जुन्या वाटीत आतून जी काळी रेघ दिसते ती तीच. ताई, तुमच्या वाट्या काळ्या पडण्याचं कारण मला तुमच्या एका वाक्यात सापडलं : सकाळी जुनं पाणी ओतून नवं भरते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वाट्या चोवीस तास ओल्या आहेत. संध्याकाळी रिकाम्या करून पुसायला लागा. महिनाभरात फरक तुम्हालाच दिसेल.

पुसायचं फडकं वेगळं ठेवा. जुनं धोतर किंवा मलमलची साडी फाडून केलेलं उत्तम, नवं कापड पाणी टिपत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी, त्याचे पांढरे डाग वाळले की हट्टाने बसतात, पण ओले असताना एका हाताने पुसले जातात. आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि रिठ्याचा फेस, बोटांनी चोळून, धुवून, पुसून. एवढंच. वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेच्या आधी म्हणा, लख्ख करायची फारच इच्छा झाली तर लिंबाच्या सालीने, मिठाशिवाय, मिनिटभर. मग भरपूर पाण्याने धुवा. बाजारातली पावडरही महिन्याला लावू नका. मंद तपकिरी झालेलं पितळ घाणेरडं नसतं. तो रंग म्हणजे धातूने स्वतःवर ओढलेलं पांघरूण आहे, त्याच्या आडून खालचं पितळ सुरक्षित राहतं.

काच पुसायच्या निळ्या द्रवाने वाट्या पुसणारे लोक मी बघितलेत. त्यातल्या काहींत अमोनिया असतो, आणि ठोकून घडवलेल्या पितळेचा तो वैरी आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि ओढून ताणलेलं पितळ, तिन्ही एकत्र आलं की चीर जाते. वाटीचं तेच. म्हणून चांगला कारागीर पितळी वाटी पूर्ण झाल्यावर शेवटी एकदा हलकी शेकतो, अंगातला ताण जावा म्हणून.

मेण सांडलं तर सुरीने खरवडू नका. गरम पाणी ओता, मेण वितळून वर तरंगतं. सोन्याचा मुलामा असलेली मूर्ती किंवा वाटी असेल तर चिंच, लिंबू, पावडर काहीच नाही, फक्त मऊ कोरडा ब्रश. मुलामा केसाहूनही पातळ असतो आणि एकदा गेला की गेला. चांदीच्या वाट्यांना रबरबँड लावून ठेवू नका, रबरातल्या गंधकाने काळी रेघ उठते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीच बांधू नका. प्रत्येक वाटी सुती कापडात, पालथी.

काशाच्या वाटीबद्दल एक सांगायचं राहिलं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, कथील साधारण पाचवा हिस्सा. आवाज गोड, पण अंग ठिसूळ, फरशीवर पडली तर पोचा येत नाही, तुकडे होतात. आपल्या घरांत काशाच्या वाटीने तळपाय घासायची चाल आहे. तीच वाटी धुवून पूजास्थानावर ठेवलेली मी पाहिली आहे. कुणाचा अपमान करायचा हेतू त्यात नसतो, पण तसं करू नका. पूजेची वाटी पूजेचीच असावी. तिच्यात घरच्यांनी चटणी कालवली की उद्या मांडताना हात तितका जपून पडत नाही.

भिक्षापात्राबद्दलही लोक विचारतात. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात भिक्षू एका जागी राहतात तेव्हा, भन्तेजींना दान द्यायचंय, पितळेचं सुंदर पात्र करून द्या, म्हणतात. मी नम्रपणे नको म्हणतो. विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचाराच्या नियमांत भिक्षूचं पात्र लोखंडाचं किंवा मातीचं असावं असं आहे. सोनं, चांदी, तांबं, कासं वर्ज्य. पूजेची वाटी आणि भिक्षूचं पात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नालासोपाऱ्याच्या स्तूपाचं उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी केलं, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा करंडा निघाला. आणि त्या सोन्यात काय होतं, तर मातीच्या भांड्याचे १३ छोटे तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. तांबटाच्या पोरानं ही गोष्ट विसरू नये असं मला वाटतं.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण तुमच्या आजीच्या वाटीशी तिचा संबंध आहे. मी पंचविशीत असताना एक वयस्कर मावशी पितळेची फुलांची ताटली घेऊन आल्या. काळी मिट्ट. उजळून द्या म्हणाल्या. आमच्याकडे तेव्हा नवंच बफिंगचं चाक बसवलेलं. मी उत्साहाने ताटली चाकावर धरली, दोन मिनिटांत आरसा करून दिला. मावशींनी ती हातात घेतली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली, पुन्हा पालथी केली. म्हणाल्या, इथं नाव होतं. मागच्या बाजूला त्यांच्या आईचं नाव टोचलेलं होतं, ठिपक्या-ठिपक्यांनी, आपण लग्नाच्या भांड्यांवर घालतो तसं, आणि खाली १९५६. ज्या वर्षी आईने नागपूरला दीक्षा घेतली ते साल. काळ्या थराखाली मला ते दिसलंच नव्हतं, आणि मी बघितलंही नव्हतं. मावशी रागावल्या नाहीत. पैसे देऊन गेल्या. मी पुन्हा नाव टोचून देतो म्हणालो तर म्हणाल्या, ते आईच्या वेळचं होतं.

त्या दिवसापासून कुठलंही भांडं हातात आलं की मी आधी पालथं करून तिरप्या उजेडात बघतो. नाव, साल, गावाचा शिक्का, एखादी रेघ. मगच पुढचं. तुम्हीही बघा. नाशिककराला तर हे नवं नसावं. पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांत, चैत्यगृहाच्या दारावर धंभिक गावाच्या दानाचा लेख आहे, नासिकच्या लोकांचं नाव त्यात आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेवले, ते गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे. त्यात तेल्यांची श्रेणीही आहे. दान कुणी दिलं, कशासाठी दिलं, कुणाच्या भरवशावर ठेवलं, हे दगडात आहे म्हणून आपल्याला कळतं. घरातल्या वाटीवर टोचलेलं नाव त्याच जातीचं.

नवीन घ्यायच्या असतील तर एवढं पाहा. वाटीच्या आत बारीक, एकसारख्या गोल रेघा असतील तर ती यंत्रावर ओढलेली; वाईट नाही, पण हाताची म्हणून दुप्पट पैसे देऊ नका. हाताच्या वाटीत ठोके एकमेकांवर थोडे चढलेले असतात, काठाची जाडी कुठे कमी कुठे जास्त लागते. साच्याने उठवलेले ठोके आत-बाहेर हुबेहूब सारखे दिसतात. चमक कायम राहील असं दुकानदार म्हणाला, तर वर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण आहे. लॅकर एका जागी सुटलं की तेवढाच भाग काळा पडतो आणि वाटी कोड आल्यासारखी दिसते. अशी आणलीच तर लॅकर काढून घ्या.

फुटलेली, भोक पडलेली वाटी लोक गोदावरीत सोडतात. कृपा करून सोडू नका. कल्हई आणि झाळकाम करणारे अजून आहेत, भोक बुजतं. अगदीच गेली असेल तर ओतारीकडे द्या, त्याच पितळेतून दिव्याची छोटी बैठक ओतून घेता येते. मोडीत घालायला जीव होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हाच मार्ग सांगतो.

तुमच्या आजीच्या वाटीला पोचा आहे, चीर नाही असं तुम्ही लिहिलंय. चीर नसेल तर बदलायचं कारणच नाही. पोचा आतून लाकडी हातोडीने दहा मिनिटांत निघतो. पण जुनं तांबं कडक झालेलं असतं, आधी शेकावं लागेल, आणि शेकलं की वरचा जुना रंग जाईल. तो रंग आजीच्या हातचा आहे. पोचा तसाच ठेवलात तरी वाटी पाणी धरते, नीट बसते, तिच्यात उणं काही नाही. ठरवा तुम्ही. काढायचा असेल तर घेऊन या, फक्त येताना घासून आणू नका, आहे तशीच आणा. आपण दोघं मिळून आधी ती पालथी करून बघू.